पोयसरकाठचा इतिहास, अपुरा

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून
सेक्रेटरींनी मला दोनशे पानी वही आणून दिली.
वैती, तुम्ही पालिकेत होतात,
नदीकाठचा इतिहास तुम्हीच लिहा.
सोसायटीचं नाव रिव्हर व्ह्यू.
बिल्डर तिला नदी म्हणाला.
मी नव्हतो म्हणालो. ते पुढे येईल.

पहिलं पान डोंगरातल्या पाड्यासाठी.
लाडकी धिंडा ओट्यावर पानं निवडत होती.
नदीला तुम्ही काय म्हणायचात, विचारलं.
काही नाही, म्हणाली.
ती काय हाक मारल्यावर थांबणार होती?
पान तसंच कोरं सोडलं.

दुसऱ्यावर इनास कुटिन्हो.
खाडीच्या तोंडाशी त्याची तर.
भरतीला एक आणा, ओहोटीला फुकट,
कारण चिखलात उतरून ढकलायची तुम्हीच.
नात मार्था सांगते,
नवरीकडून त्याने कधी पैसे घेतले नाहीत.
माहेरी परत निघाली की मात्र दुप्पट.

मग मीठ. मग भात.
मग गोठ्यांची वर्षं,
शेण पाण्यात, पाणी दुधात,
काठावर कुणी कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती.

मग रंगाचा कारखाना.
सोमवारी जांभळी, गुरुवारी हिरवी,
आम्ही पोरं पैजा लावायचो बोरकुटाच्या पुडीवर.
आईला नीळ विकत घ्यावी लागली नाही
असं मी लग्नकार्यात सांगतो, लोक हसतात.
आईचे हात कोपरापर्यंत सोललेले असत
ते नाही सांगत.

सत्त्याऐंशी साल. मी ट्रेसर.
नकाशे मराठीत काढायचा हुकूम निघाला होता,
टेबलावर ट्रेसिंगचं कापड, काळी शाई, अर्धं ब्लेड.
नदी म्हटलं की दोन्ही अंगाला जागा सोडावी लागते,
नाल्याला भिंत घातली की भागतं,
असं नाईकनवरे साहेब म्हणाले नाहीत.
ते म्हणाले, वैती, शीट नंबर चौदा,
नाव तेवढं बदला. अक्षर तुमचं चांगलं आहे.

'दी' खरवडली.
'न' राहू दिला, वळणदार उतरला होता.
पुढे काना, ल, काना.
दहाएक मिनिटं. मध्ये चहा आला, तोही प्यालो.

संध्याकाळी घरी आलो.
घर काठावरच.
बाबा गळ टाकून बसलेले.
मासा बंद होऊन बारा वर्षं झाली होती
पण ते बसायचे, आमिष लावून, कणकेचं.
काय रे, उशीर?
काम होतं, म्हटलं.
भिंतीची आखणी आली तेव्हा
आमची खोली तिच्या आत सापडली.
चुन्याची रेघ बाबांनी पायाने पुसून पाहिली.
दुसऱ्या दिवशी मुकादमाने ती पुन्हा मारली, जरा जाड.

एवढं लिहून झालंय.
सेक्रेटरी जिन्यात भेटतात,
वासाचं फार लिहू नका, भाव पडतात फ्लॅटचे.
मार्था म्हणते, आजोबाचं नाव मोठं छापा
आणि ते दुप्पटचं गाळा.
मी गाळणार नाही.

शीट माझ्याकडेच आहे.
निवृत्तीच्या दिवशी रद्दीच्या गठ्ठ्यातून ओढली,
कुणी विचारलं नाही.
रात्री ट्यूबलाइटसमोर धरतो.
शाई ठाम आहे अजून, अक्षर खरंच चांगलं होतं माझं.
फक्त 'न'च्या पुढे
कापड झिजून पातळ झालंय वेलांटीएवढं,
तिथून उजेड जरा जास्त येतो.