रेघ

यावल रस्त्यावर आमचं लेथचं दुकान.
पंपांचे शाफ्ट येतात, रसवंतीचे लाट,
केळीच्या ट्रकांचे बुश.
बंदूक पहिल्यांदाच आली,
गोधडीत गुंडाळून, रुबाब तडवींच्या मांडीवर.
"गोळीची नाही, सुईची," ते दारातूनच म्हणाले,
"बिबट्याले झोपी घालायची."

न्हावीच्या शिवारात चार बोटं चुकली होती सुई.
केळीच्या खोडात घुसली, आणि बिबट्या
ज्या सरीतून आला त्याच सरीतून गेला.
गावानं म्हणायचं ते म्हटलं.
तडवींनी वरची दुर्बीण चिमटीत धरून हलवली.
"कड्यात राहत नाही ही, लीलाधरभाऊ.
पालच्या रस्त्यानं जीप उडते, अन् ही मागं येते
गव्हाच्या दाण्याइतकी.
तेवढ्यात चार बोटं जातात."

आप्पांनी डोळ्याला भिंग लावलं, कडी खोलली.
आत सायकलच्या ट्यूबची पट्टी.
"कोनी घातली?"
"मीच."
"रबर दबतं, तडवी. दबतं अन् पळतं."
आणि नळीला एक वळ,
कुणीतरी जीव खाऊन आवळल्याचा.
त्या वळावरून आप्पा बराच वेळ नख फिरवत राहिले.

मग पेट्रोल. चिंधी. पुन्हा पेट्रोल.
बेचाळीस वर्षं ज्यांच्या जेवणालाही ग्रीसचा वास
ते आप्पा तेलाचा एक थेंब राहू देईनात.
"फिरायचं त्याले तेल," म्हणाले,
"धरायचं त्याले कोरडं."

सरळ दांडा, त्याला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट,
दोन्ही कड्यांच्या पोटातून पुढं-मागं, पुढं-मागं,
काळा रंग जाऊन पांढरा धातू दिसेतो.
सगळीकडे नाही.
"बारा आने टेकलं तरी पुरतं."

राळ मी अझीझ रेडिओवाल्याकडून आणली,
चिमूटभर, पुडीत.
स्पिरिटात विरघळवून ब्रशचा एक हात.
बाहेर मे महिना, डोक्यावर पत्रा,
तडवी विडी काढेपर्यंत वाळलीसुद्धा.

मग स्क्रू. तिरप्या जोडीनं,
याला पाव आटा, त्याला पाव,
फटी दोन्हीकडे सारख्या,
ब्लेडचं पातं घालून बघितलेल्या.
किल्लीचं आखूड टोक हातात, लांब टोक कधीच नाही.
"थांबायचं कधी?" मी विचारलं.
"किल्ली नाही म्हणाली की."

शेवटी माझी नेलपॉलिश, जांभळी:
कड्यावरून नळीवर उतरणारी बारीक रेघ.
काही सरकलं तर मोडेल.
तडवी हसले. "बंदुकीची नवरी केली पोरीनं."
घड उतरवलेलं एक खोड मागच्या बागेत होतं,
त्यावर तीस पावलांवरून तीन रिकाम्या सुया.
तिन्ही एका वाटीत मावल्या असत्या.

पोळ्याच्या आधी ते परत आले.
गोधडी तीच. बसले, पाणी मागितलं,
प्यायले नाहीत.
"पुन्हा गेली."
कुठं, किती बोटं, काही नाही.
बंदूक देताना उजवा हात त्यांनी
डाव्यानं धरून ठेवला होता,
आणि तरी पेल्यातलं पाणी
बाकावर हलत होतं.

मी रेघ पाहिली. जांभळी, सलग,
केसाचा फरक नाही.
आप्पांनीही पाहिली, भिंग लावून, मग काढून.
दुकानात लेथचा पट्टा तेवढा फिरत होता.
मग त्यांनी किल्ली घेतली,
एकेका स्क्रूवर टेकवली,
शेवटच्यावर उगीच मनगट वळवलं.
"हा बघा. मागचा ढिला.
लोखंड तापतं, निवतं, होतं असं."

तडवींनी मान हलवली. पेला उचलला.
आप्पांनी थिनरचा बोळा फिरवून रेघ पुसून टाकली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
नवी ओढ.