नकाशाच्या पाठीवर

अंबडला बंद पडलेल्या बेअरिंग कारखान्याची जागा,
चार एकर सतरा गुंठे.
तिच्यावर तीन टॉवर बसवायचेत, एक क्लब हाउस,
आणि नाव ठरलंय 'गोदातीर हाइट्स'.
गोदावरी तिथून सहा-सात किलोमीटर लांब,
पण साहेब म्हणतात, तेवढं चालतं.

साहेब जुन्या वळणाचे,
त्यांना सगळं ट्रेसिंग पेपरवरच लागतं.
दिवसा मी टॉवर काढतो.
रात्री पाथर्डी फाट्याला, चौथ्या मजल्यावर,
ओट्याशेजारी तोच कागद उलटा अंथरतो.

उलट्या बाजूला आधी पाणी.
उताराला विचारतो, कुठे निघालास बाबा?
तो नासर्डीकडे बोट करतो.
मग त्याच्या वाटेत येणारी घरं खोडून
दोन-दोन पावलं मागे सरकवतो.
कुंपण काढायला पेन्सिल टेकवली, तेवढ्यात टोक मोडलं.
बरं झालं.

पहिलं घर झिपरू भोयेचं.
सुरगाण्याचा; सकाळी आठला नाक्यावर उभा असतो,
थापी पिशवीत घालून.
कूड लिंपताना शेणात राख किती, तूस किती,
हे त्याच्या हाताला कळतं,
माझ्या सॉफ्टवेअरला नाही.
दुसरं इसाक मण्यारचं.
कारखान्याची जुनी शेड पाडायची नाही, ती त्याला:
सायकली, पंप, गोबरगॅसचे नळ,
आणि सगळ्या गावात मिळून असलेला एक टेम्पो.
दुसाने सिस्टर निवृत्त झाल्यात,
त्यांना मधलं घर,
रात्री कुणीही कडी वाजवू शकेल असं.

चूल एकच, सगळ्यांची.
रस्सा काळा की लाल यावर दोन तट पडणार,
म्हणून पातेली दोन.

द्राक्षांचा मांडव घातलाय, औषध न मारता.
पिंपळगावचा मेव्हणा पोट धरून हसला:
अरे, भुरी येईल, डावणी येईल, खाशील काय?
सावली खाऊ, म्हटलं.

उंबर मी काढलेला नाही. तो साइटवर आहेच, एकटा.
फक्त गोल केला, जरा दाबून.
त्याच्याखाली भांडायची जागा.
वर पत्रा मुद्दाम टाकला नाही;
पाऊस आला की आवरतं घ्यावं लागेल.

आणि खताचा खड्डा.
गाव मोडलंच तर इथे मोडेल, मला ठाऊक आहे.
सोनखत उलथायची पाळी
आडनाव बघून लागली,
तर हे सगळं पुन्हा टॉवरच झालं,
नुसता आडवा पाडलेला.
म्हणून फळ्यावर पहिलं नाव माझं लिहिलं.
लिहिताना हात अडखळला, तेही खरं.

चारुशीला भाकरी थापता थापता वाकून बघते.
एक्केचाळीस घरं मोजते, नावं वाचते.
आपलं कुठलं?

मी पुन्हा मोजतो.

ती पिठाच्या हातानं पेन्सिल घेते,
खड्ड्याला लागून एक चौकोन काढते, वेडावाकडा.
पहिली पाळी आपली ना? मग जवळ बरं.
आणि चहापुरता ओटा काढ आत,
नाहीतर मी येत नाही.

सकाळी ऑफिसात कागद सुलटा.
पार्किंगच्या बरोबर मध्ये
पाठीमागून उमटलेला एक गोल.
हा काय प्रकार?
झाड आहे, साहेब. खरंच आहे तिथे.
मग तोडायच्या परवानगीचा अर्ज लिहिला का?

लिहितोय, म्हटलं.

दुसऱ्या महिन्यातही तेच म्हटलं.