शेऱ्याचा रकाना

एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात घेतलं,
कुंडीसकट अठराशेला.
पैसे मोजून खिशात गेल्यावर रणपिसे नर्सरीवाले म्हणाले,
"मॅडम, खरं सांगू का? मेपल आपल्याकडचं नाही.
थंडी लागते त्याला. शिमल्याकडची."

मला हसू आलं.
छत्तीस वर्षं मी शिमला ऑफिसातच होते.
वेधशाळा म्हटलं की रिक्षावाला विचारतो, कुठली?
शिमला म्हटलं की मीटर पाडतो.
रोज सकाळी किमान तापमान वाचायचं:
स्पिरिटच्या नळीतली ती बारीक काळी दांडी,
रात्र जिथवर उतरली
तिथेच थांबून राहिलेली.

मांडीवर धरून आणलं त्याला पाषाणपर्यंत,
पण वाटेत सांगितलं नाही
की इथलं शिमला नावापुरतंच आहे.

मागची बाग आठ बाय अकरा.
सोनटक्का, कढीपत्ता,
आणि कुणाचंच न ऐकणारा गवती चहा.
यमुनाबाई झाडू थांबवून म्हणाल्या,
"अठराशेला काटक्या?"

फेब्रुवारीत काटक्यांना पानं आली,
पाच-पाच बोटांची,
इस्त्रीची घडी अजून न मोडलेली.
यमुनाबाई काही बोलल्या नाहीत.
त्या बाजूचा केर मात्र हलक्या हाताने काढू लागल्या.

एप्रिलात कडा करपल्या.
बोअरचं पाणी, क्षार सातशे वीस.
त्यात हिरेमठांच्या एसीचं धूड भिंतीवरून
दिवसरात्र झाडाच्या तोंडावर फुंकणारं.
मी सोसायटीला पत्र लिहिलं.
विषय: गरम हवा.
सोबत तक्ता जोडला, तीन-तीन तासांच्या नोंदींचा.
उत्तर आलं नाही.

मे महिन्यात एका रात्री
जुनी ओली चादर टांगायला बाहेर गेले
तर टप्, टप्.
त्याच यंत्राची पांढरी नळी, खाली फरशीची फट,
आणि फटीत हिरवंगार शेवाळ.
मे महिन्यात!
वाटी धरली. मोजलं.
क्षार अकरा.

सकाळी बादली घेऊन बेल वाजवली.
हिरेमठ म्हणाले, "पत्र मिळालं."
म्हटलं, "ते राहू द्या. तुमचं पाणी हवंय."
आत खाटेवर कुणीतरी कण्हून कूस बदलली.
खोली गार होती, औषधांच्या वासाची.
दोन वर्षं शेजारी राहून
मला फक्त हवेची दिशा ठाऊक होती.

त्या दिवसापासून बादली तेच आणून ठेवत.
एका रविवारी शिडी लावून
यंत्राच्या तोंडाला पत्र्याचं वळणही बसवलं,
वाकडंच बसलं,
पण हवा झाडावरून निघून जाऊ लागली,
गवती चहावर. त्याला कसला फरक पडतोय.

डिसेंबर आला. पानं हिरवीच.
कुणी म्हणालं, रात्री मुळाशी बर्फ ठेवा.
मी ठेवला नाही.
आकड्यात ढवळाढवळ करायची नाही,
नोकरी सुटली तरी हात सुटत नाहीत.

मग अकरा जानेवारीला, आठ पूर्णांक सहा.
खालच्या फांदीवर एकच,
एकच पान रंगलं.
विडा खाल्लेल्या ओठांसारखं,
कात जरा जास्त झालेलं.
बाकीची तपकिरी होऊन गळत होती
रीतसर, पुण्याच्या पद्धतीने.

हिरेमठ कुंपणाशी बराच वेळ उभे होते.
"तोडून नेऊ का? शांभवीला दाखवायला."
तोडू नका, म्हटलं.
कुंडी आम्ही दोघांनी उचलली,
दोनदा टेकवली, माझी कंबर, त्यांचा गुडघा,
आणि त्यांच्या खिडकीखाली नेऊन ठेवली.
हिवाळ्यात यंत्र बंदच असतं.

पडदा सरकला. थोडाच.

रात्री वही काढली.
तारीख. किमान. कमाल. आकाश निरभ्र.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
केंद्र आठ फूट पूर्वेला हलवले आहे.
पुढील नोंदी तिथूनच.