पाऊणकी

देवगडच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान,
आणि काउंटरवर कोपर टेकून हेमलता तारी.
तिच्या मोबाइलमध्ये कुणाचा तरी प्लॅनर,
फिकट गुलाबी, कोपऱ्यात निवडुंगाची कुंडी.
"असोच करून दी. पण माझो."

फाइल उघडली.
दिवसाला आठ ग्लास पाणी, त्याचे आठ गोल.
आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे, त्याच्या तीन ओळी.
ती बोट खाली नेते, परत वर आणते.
"आणि भरती खंय?"

पीडीएफ म्हणजे सुका बांगडा.
दिसतो मासाच,
पण वाकवायला गेलात तर मोडतो.
एक शब्द हलवला
आणि अख्खी ओळ खवल्यांसारखी हातात आली.

मग एकेक सॉफ्टवेअर लावून बघत बसलो.

पहिलं देखणं. रंग काय, फुलं काय!
छापायला घेतलं तर पानभर तिरकी
कंपनीची पुसट मोहर,
ती पुसायची तर दरमहा पाचशे.
"जून-जुलैत बोट वर ओढलेली असता,
तेवाय पैसे घेतत?"
घेतात.
"मग ता नको."

दुसरं कणकवलीच्या प्रेसवाल्याने सुचवलेलं,
त्यात 'बर्फ' टाइप केलं
तर रफार उडाला
आणि शेजारच्या डिझेलवर जाऊन बसला.
हेमलताबाई हसल्या. मी नाही हसलो,
दीड तास गेला होता
आणि दोघंजण आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी खोळंबलेले.

तिसऱ्यात पत्रं चांगली होतात, अर्ज चांगले होतात,
तक्त्याची एक रेघ ओढली
की बाकीच्या रुसून पुढच्या पानावर.

उरलं हिशोबाचं.
नुसत्या चौकटी, ना फूल ना पान.
दुकानाची उधारी मी त्यातच मांडतो,
म्हणून त्याचं नाव काढलं नव्हतं.

"तिथी घाल," ती म्हणाली, "आणि पाऊणपट कर.
भरतीचो टाइम गावता."
आणि डोळे मिटून सुरू झाली:
पाऊण, दीड, सव्वादोन, तीन,
पावणेचार, साडेचार, सव्वापाच,
अष्टमीक सहा.
आवाज सपाट, टोपलीत मासळी मोजावी तसा.

मला शाळेत पाऊणकी नव्हती.
मी सूत्र लिहिलं, चौकटीचा कोपरा धरून खाली ओढला,
आणि पंधरा आकडे सर्रकन उतरले.
"तीन पॉइंट पंचाहत्तर काय? पावणेचार लिही."
तेही जमलं, जरा उशिरा.

मग तीच सांगत गेली.
डिझेल. बर्फ. खलाशांचा वाटा. लिलावाचा भाव.
सोमवार कुठे टाकू विचारलं तर म्हणाली,
"सात दिवसांचो आठवडो दर्याक ठाव नाय."
सात रकाने पुसले.
महिन्याची दोन पानं झाली,
एक चांदण्याचं, एक काळोखाचं.

बंदीचे दोन महिने मी काढून टाकत होतो,
तेवढाच कागद वाचला असता.
तिने माझा हात माउसवरून उचलला.
"तेवाच तर लिवाक येळ गावता.
जाळी, पोरांची वह्या-पुस्तकां, कोणाचा किती देणा.
ती पानां मोठी कर."

प्रिंट काढली.
मशीनने खालची कड खाल्ली,
काळोखाच्या पानावरची शेवटची ओळ गायब.
"अवस खंय गेली?
सगळ्यात मोठी भरती, आणि तीच कापलंस?"
पान चौऱ्याण्णव टक्क्यांवर आणलं.
अवस परत आली, जरा बारीक होऊन.

स्पायरल लावून दिली. पैसे मोजले.
पायरी उतरता उतरता थांबली,
वही उघडून पहिलं पान बघितलं,
उलटून मागचंही.

"आणि ती कुंडी?"
कुठली?
"निवडुंगाची रे. ती बघानच तर इलंय मी."