गरम असताना उघडू नये

बाराव्या किलोमीटरला लाल दिवा लागला :
लाटांत बुडत चाललेला एक थर्मामीटर.
सहा लाद्या बर्फ बाजूच्या गाड्यात,
वर भाताचं तूस, त्यावर ओलं पोतं,
आणि माझ्या बुडाखाली दीडशे सीसीचं इंजिन
रटरटतंय.

झाडाखाली घेतली. चावी फिरवली.
पण ती लगेच गप्प होत नाही.
आत पाणी गुडगुडत राहतं,
भांडण मिटल्यावरही मी भांडी आदळत राहते, तसं.

ताकमधला एप्रिल. त्रेचाळीस.
पिंग नदी वाळूतून पाय ओढत चाललेली.
सोंगक्रानचा पहिला दिवस,
दारोदार पिंपं भरलेली आणि पिंपांना बर्फ हवा,
कारण कोमट पाणी अंगावर टाकलं
तर किंकाळी फुटत नाही.
बर्फ नसेल तर सण कसला, ती नुसती आंघोळ.

खेमकाकाच्या डाव्या हातावर
मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत गुलाबी नकाशा आहे.
विशीत एकदाच त्याने तापलेल्या रेडिएटरचं झाकण
"जरा बघू" म्हणून फिरवलं होतं.
"झाकण आहे तोवर पाणी शंभरच्या पुढे जाऊनही
पाणीच राहतं, बुपफा.
झाकण काढलंस की त्याला आठवतं."
गॅरेजात कुणी घाई केली की तो बोलत नाही,
बाही वर करतो.

तर थांबायचं.
मी थांबले. गाड्याखाली थेंब पडत होते,
टप, टप, माझेच पैसे,
डांबरावर डागसुद्धा न ठेवता जाणारे.
एवढा बर्फ हाताशी असताना
एक खडा त्या तापल्या डोक्यावर ठेवावा
असं कुणाला वाटणार नाही?
पण तापलेल्या धातूला अशी अचानक माया सोसत नाही.
तडकतो.

तेवढ्यात पोरं आली.
तोंडाला पांढरी माती फासलेली, हातात बादल्या.
त्यांना वाफ दिसली.
"मावशी, गाडी पेटली!"
आणि धावत सुटली विझवायला,
सणाचं सगळं पुण्य एकदम पदरात पाडून घ्यायला.

ओरडायला सुचलंच नाही.
इंजिनाला पाठीशी घेतलं,
कोंबडी पंख पसरते तसे हात पसरले,
आणि चार बादल्या
छातीवर, डोळ्यांत, उघड्या तोंडात.
मागे दोन-चार शिंतोडे. चर्र.
तेवढंच.
सगळ्यांत लहान होती, तिने रिकामी बादली खाली ठेवली
आणि हात जोडून, अगदी गंभीरपणे,
मला नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या.

अर्ध्या तासाने रेडिएटरवर तळवा ठेवला,
दहापर्यंत मोजता आलं.
चिंधी धरून झाकण पाव फेरा फिरवलं.
एक उसासा. बाकी काही नाही.
आत कोरडं.
आणि जाळीच्या फटीफटीत, पंख्याच्या मागे,
घट्ट बसलेलं तूस.
माझंच.
महिनाभर बर्फ वाचवत होतं, ते उडून उडून
हिचं नाक बुजवत होतं.

मी काडीने, त्या पोरीने केसातल्या पिनेने
ओळ ओळ मोकळी केली. ती फुंकर मारायची
आणि तूस तिच्याच पांढऱ्या गालाला चिकटायचं.
लादीखालचं वितळलेलं पाणी फडक्यातून गाळून
भरलं काठोकाठ.
आत हिरवं कूलंट हवं, मला ठाऊक आहे.
काका शिव्या घालेल, सगळं ओतून टाकायला लावेल.
आजपुरतं ती बर्फ पिऊन चालली.

अर्धी लादी पोरांच्या पिंपात गेली.
उरलेलं घेऊन पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं.
पहिल्या दारातली म्हातारी म्हणाली,
"केवढा उशीर!"
मी बाही वर केली.

हातावर काहीच नव्हतं,
नुसता ओला, साधा हात.