शून्य, नऊ, दहा

हार्डांगरच्या रेंजवर सकाळपासून रिपरिप.
दोनशे मीटरवर निशाणाची चौकट,
चार कोपऱ्यांत चार मायक्रोफोन.
काल रात्री हालवारने त्यांच्या जोडांना ग्रीस लावून
सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले,
दुखऱ्या बोटाला चिंधी बांधावी तसे.

गुन्वोर चटईवर पालथी. कोपराखाली पाणी.
अर्धा श्वास सोडला, थांबली,
चाप.
आवाज डोंगरावर जाऊन परत आला
आणि पडद्यावर: शून्य.
मग कुणीच काही न झाडता
एक नऊ.

पोरं हसली. "पावसाचा नेम बरा आहे."

हालवार हसला नाही.
सगळ्यांचे बोल्ट उघडायला लावले,
लाल बावटा चढवला आणि निघाला.
तीस वर्षं तो तिथल्याच खंदकात बसून
काठीवरच्या चकतीने गुण दाखवायचा.
यंत्र आलं तेव्हा त्याला म्हणाले, आता वर ये, कोरड्यात बस.

कागद लगद्यासारखा सुटत होता.
त्याने तो तळव्याने सपाट केला,
करंगळीने भोक चाचपलं.
हाक पोचली नसती.
दोन्ही हात वर नेऊन
दहाही बोटं पसरली.

गुन्वोरने बाहीने पडदा पुसला. तिथे अजून शून्यच.

कार्डावर हालवारने पेन्सिलीने लिहिलं.
शाईवर त्याचा सप्टेंबरात विश्वास नसतो.