आहाराचा तक्ता

सावद्याच्या दवाखान्यात
डॉक्टरीण विचारते, रोज काय खाता?
कोकिळामावशी बोटं पदराखाली सारत सांगते,
कळण्याची भाकरी, भरीत,
लग्नसराईत खापरावरचे मांडे.
हे तू करतेस, मावशी. खातेस काय?

ती पंख्याकडे बघते.
चहा. टोस्ट.
कधी परातीला लागलेलं पुरण.

तक्त्यात त्याला रकाना नाही.

सकाळी तासभर मूठ मिटत नाही तिची.
कोपरापर्यंत मांडा खेळवणारे हात
गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरतात:
फोड गं एवढी.

बाहेर केळ्यांची गाडी. एक घेते तिला.
ती सालीसकटच अर्धं मोडू पाहते
माझ्यासाठी.
मोडत नाही.

मी सोलून देते.
खा अख्खं.
आज बोटांचं ऐक.